मुलांचा पहिला साप : पाळावयाचा की ओळखावयाचा?

पावसाळा सुरू झाला म्हणजे एखादा धीट विद्यार्थी डब्यात सापाचे पिल्लू घेऊन शाळेत येतो आणि विचारतो, “गुरुजी, हा बिनविषारी आहे. घरी पाळू का?” अशा वेळी बहुधा मुलाला रागे भरले जाते व साप मारला जातो. ह्या दोन्ही गोष्टींनी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर शिक्षकाने कसे द्यावे, ह्याचा येथे थोडक्यात विचार करू.

लहान मुलांच्या घरी पहिला साप कोणता पाळावा, ही चर्चा अमेरिकेत व युरोपात नित्य होते. तेथे ‘कॉर्न स्नेक’ नावाचा शांत, बिनविषारी साप अनेक पिढ्या पिंजऱ्यातच पैदा केला जातो व तोच नवशिक्यास सुचविला जातो. तरीही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. म्हणून पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरी असे प्राणी नसावेत, असा सल्ला अमेरिकेतील आरोग्य खाते देते.

आपली परिस्थिती तर अगदी निराळी आहे. आपल्या मुलाच्या हाती येणारा साप रानातला असतो. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर इत्यादी साप पकडणे, बाळगणे किंवा मारणे हा गुन्हा ठरविला आहे. मांडूळ घरात ठेवल्याने धनलाभ होतो ह्या खुळ्या समजुतीपायी आपल्या राज्यात कित्येक जणांवर खटले झाले आहेत. तेव्हा पाळण्याच्या प्रश्नाचे उत्तर एकच : कोणताही नाही.

ओळखीतील चूक

कायद्याहून मोठे कारण मुलाच्या जिवाचे आहे. ‘हा बिनविषारी आहे’ असे मूल सांगते ते कशाच्या आधारावर? कवड्या हा निरुपद्रवी साप भिंतीवर चढून पाली खातो. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करतो. दंश फारसा दुखत नाही व खूणही क्वचितच दिसते. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक व बहुधा जोडीने असून मानेजवळ नसतात किंवा अस्पष्ट असतात. हा भेद चित्रात सोपा, पण कंदिलाच्या उजेडात जाणत्यालाही चकविणारा आहे. त्याचप्रमाणे घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणाऱ्यांनी प्राण गमावले आहेत. म्हणून मुलांना सापांचे भेद जरूर शिकवावेत. मात्र ते साप हाताळण्यासाठी नव्हेत, हे प्रत्येक वेळी सांगावे.

मग ओळख कोणाची करून द्यावी?

पहिली ओळख धामणीची करून द्यावी. घाटावर असो वा घाटाखाली, शेताच्या धुऱ्यावर, कुटाराच्या किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ ती दिवसा दिसते. लांबी बहुधा दोन मीटरपर्यंत, डोळे मोठे, हालचाल चपळ. ती उंदीर खाते म्हणून शेतकऱ्याची मित्र आहे. ती म्हशीचे दूध पिते, ही समजूत खोटी आहे. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्याजोगी नाही. धामण ही नागाची मादी, हेही खरे नाही. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात, ती बहुधा दोन नरांची झुंज असते. परंतु फणा मिटलेला नाग दुरून धामणीसारखाच दिसतो. म्हणून हिलाही दुरूनच पाहावे.

वर्गातील पाठ

1. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार विषारी सापांची आणि धामण, दिवड, कवड्या ह्या बिनविषारी सापांची मोठी चित्रे भिंतीवर लावावीत.

2. आपल्या घराभोवती उंदीर व साप कोठे दडू शकतील, ह्याची यादी मुलांकडून करवून घ्यावी. रात्री बाहेर जाताना बॅटरी घेणे, जमिनीवर न निजणे, जळणात हात घालण्यापूर्वी काठीने हलविणे, हे नियम त्यातून निघतील.

3. साप दिसल्यास काय करावे, ह्याचा सराव घ्यावा : थांबणे, मागे सरणे, मोठ्यांना सांगणे. मोठ्यांनी वन विभागास 1926 ह्या क्रमांकावर कळवावे.

दंश झाल्यास

मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये. बांगड्या, कडे, करदोडा काढावा. हातापायाला दंश झाला असल्यास तो अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे, मांत्रिकाकडे नेणे ह्यांत जाणारी वेळ प्राणघातक ठरते. साप पकडण्याच्या मागे लागू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. तेथील प्रतिविष वरील चारही सापांवर चालते; म्हणून साप नेमका कोणता, हे न कळल्याने उपचार अडत नाहीत.

भारतात 2000 ते 2019 ह्या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यातील होती. डबा घेऊन आलेल्या मुलाचे कुतूहल मारू नये. डबा उघडू न देता जमिनीवर ठेववावा, मुलांना दूर न्यावे, जाणत्या माणसाकडून साप रानात सोडवावा आणि त्याच दिवशी हा पाठ घ्यावा. त्या मुलाला भिंतीवरील चित्रांची देखरेख सोपवावी; म्हणजे त्याचा साप त्याला मिळेल आणि धोकाही टळेल.