सावली सरकली, मित्र गप्प झाला

राजगडाला पाली गावाकडून जाणारी वाट म्हणजे जुना राजमार्ग. अंबारीसह हत्ती आत जाईल एवढा पाली दरवाजा उंच, पायऱ्या चांगल्या रुंद. त्यामुळे ‘सोपी वाट’ म्हणून तिची ख्याती आहे. गुंजवण्याहून चोर दरवाज्याने जाताना जशी रेलिंग धरून कसरत करावी लागते, तशी इथे नाही. एप्रिलच्या सुरुवातीला मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र याच सोप्या वाटेने निघालो. दोघेही पन्नाशी ओलांडलेले. दोघांच्याही मनात आपण पंचविशीतच आहोत, हा गैरसमज पक्का.

पुण्याहून पहाटे साडेचारला निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात चहा, मग मिसळ, मग मार्गासनीला पुन्हा चहा असे करत पालीत पोहोचून चढायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. हा उशीर महागात पडला. पाली दरवाजा गडाच्या पश्चिम अंगाला आहे. सकाळी लवकर या उतारावर गडाचीच सावली असते. उन्हे वर आली की ती सरकते, आणि मग झाडी संपल्यावर काळा बसाल्ट तापायला लागतो. वरून ऊन, खालून दगडाची धग. बर्फाच्या डोंगरात वसंत ऋतूत स्कीइंग करणारे लोक अंधारातच चढायला सुरुवात करतात, कारण दुपारी बर्फ भुसभुशीत होऊन घसरू लागतो. आपल्याकडे दगड घसरत नाही. घसरते ती माणसाची तब्येत.

उन्हाचा त्रास म्हणजे बाहेरून आलेली उष्णता, असे आपण समजतो. चढताना मोठा वाटा आतून येतो. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातील जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चढण्याच्या कामी येतो, उरलेली उष्णता होते. ७० किलोचा माणूस, पाठीवर १० किलोची सॅक आणि ५०० मीटरचा चढ असा हिशेब केला, तर साधारण तीनशे ते पावणेचारशे किलोकॅलरी उष्णता शरीरात तयार होते. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचे तापमान पाच-सहा अंशांनी चढेल. म्हणजे ३७ वरून थेट ४२-४३. तसे होत नाही ते घामामुळे. १ लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नाकावरून टपकलेला किंवा सॅकखाली शर्टात मुरलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा फारसा देत नाही.

मित्राचा शर्ट पहिल्या अर्ध्या तासातच पिळून काढण्यासारखा झाला होता. तो मुळात बडबड्या. गाडीत त्याने आमच्या गणिताच्या सरांपासून शेअर बाजारापर्यंत सगळे विषय संपवले होते. झाडी संपल्यावर तो गप्प झाला. मला वाटले, दम लागला असेल. ‘‘थांबायचं का?’’ विचारले तर खेकसला, ‘‘तू चल रे, मी येतो!’’ पुढच्या दोन पायऱ्यांवर त्याचा पाय अडखळला. मी व्यवसायाने डॉक्टर, तरी लक्षात यायला एवढा वेळ लागला.

बसवून नाडी पाहिली, भलती जलद होती. डोके दुखत होते, मळमळत होते, त्वचा ओलीचिंब. पण कुठे आहोत, वार कोणता, हे त्याने नीट सांगितले. हा उष्णतेचा थकवा. यापुढची पायरी उष्माघाताची. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस बरळतो, भरकटतो किंवा शुद्ध हरपतो. अंग कोरडे पडेपर्यंत वाट पाहू नये, श्रमाच्या उष्माघातात माणूस घामाने निथळतही असू शकतो. भान गेलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. जागीच सावली करून, अंगावर भरपूर पाणी टाकून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे.

मग दुसरी गोष्ट कळली. रक्तदाबासाठी तो लघवी वाढवणारी गोळी घेत होता, आणि सकाळी ती घेऊन आला होता. अशा गोळ्या पाणी व मीठ आधीच कमी करतात. काही ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांवरच्या औषधांनी घाम कमी येतो. म्हणून गोळी मनाने बंद करू नये, मात्र गडावर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि सोबत्याला सांगून ठेवावे. शिवाय तो वर्षभर एसीत बसणारा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, एक रविवार पुरत नाही.

‘‘दरवाजा दिसतोय, अर्धा तासच उरलाय,’’ तो म्हणाला. खरेच दिसत होता. त्याच्यापेक्षा मलाच वर जायचे होते, हे कबूल करतो. पद्मावती तलाव, संजीवनी माचीवरून दिसणारा तोरणा, सगळे मनात तयार होते. पण अर्धा तास म्हणजे आणखी उष्णता, आणि उतरताना हा पश्चिमेचा उतार भर दुपारच्या उन्हात. शिवाय ज्याला त्रास होतोय त्याचा अंदाज त्या वेळी सर्वांत कच्चा असतो. सॅक मी घेतली आणि त्याला झाडीपर्यंत खाली आणले.

वाटेवर सरबत विकणाऱ्या मावशींनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. ‘‘बसवा की त्यांना आधी. टॉवेल भिजवा, डोईवर टाका.’’ माझी सगळी वैद्यकी त्यांनी दोन वाक्यांत उरकली. बूट काढले, पाय उंचावर ठेवले, पुठ्ठ्याने वारा घातला. त्याने ओआरएसचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे करायला घेतले, ते थांबवले. ते पाकीट १ लिटरचे होते, घट्ट केल्याने गुण वाढत नाही, उलट जुलाब होऊ शकतात. आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत ओढते आणि त्यामागून पाणी शिरते. हे प्रमाणावर चालते. घोट घोट पाजले. नुसते पाणी ढसाढसा प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरून वेगळेच संकट येऊ शकते.

तासाभराने तो मावशींना ताकाचा भाव विचारू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. साडेतीनला तो झुडपामागे जाऊन आला आणि मोठ्या आवाजात रंग सांगितला. मावशी हसल्या. परतीच्या गाडीत नसरापूर येईपर्यंत तो एकदाही गप्प बसला नाही.