शिवेपलीकडची दवंडी

समजा, एकाच संस्थेची यवतमाळला आणि पुसदला अशी दोन रुग्णालये आहेत. मे महिन्यात पुसदच्या शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन यंत्र बंद पडले. यवतमाळच्या तंत्रज्ञाला ते लगेच कळेल काय?

कळेल; पण त्यासाठी यंत्रांची भाषा एक हवी. पूर्वी प्रत्येक कारखानदाराच्या यंत्रांची भाषा निराळी असे. म्हणून अमेरिकेतील ‘ॲशरे’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ साली काम हाती घेतले आणि १९९५ साली ‘बॅकनेट’ ही सामाईक भाषा प्रसिद्ध केली. १९९९ साली ती इंटरनेटच्या नियमांनी चालणाऱ्या जाळ्यांवरही थेट बोलू लागली.

येथे एक अडचण होती. जाळ्यातली यंत्रे शोधण्यासाठी बॅकनेट ‘कोण आहे?’ अशी दवंडी पिटते. यंत्रे ‘मी आहे’ असे उत्तर देतात. पण दोन जाळी जोडणारा राउटर दवंडी शिवेपलीकडे जाऊ देत नाही. नाहीतर सगळीकडे गोंगाट माजेल! मग प्रत्येक जाळ्यात एक कोतवाल नेमतात. त्याचे नाव ‘बीबीएमडी’. यवतमाळचा कोतवाल दवंडी पाकिटात घालून पुसदच्या कोतवालाच्या पत्त्यावर धाडतो आणि तो ती तेथे पुन्हा पिटतो.

मात्र या पाकिटावर मोहर नसते. जाळ्यात शिरलेला कोणीही यंत्र बंद करण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणून २०१९ साली ओळख पटवून सांकेतिक रूपात निरोप पाठवणारी पद्धत आली.

आता सांगा पाहू: दारव्ह्यालाही तिसरे रुग्णालय निघाले, तर यवतमाळच्या एका दवंडीची किती पाकिटे होतील?

(उत्तर: दोन.)