राखणीसाठी कुत्र्याचं पिल्लू घेताय? आधी हे तपासा


वस्तीवर राखणीला कारवान किंवा मुधोळ जातीचं पिल्लू आणायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी एवढं बघाच.

१) वय : ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला ते विकताच येत नाही. "वरचं दूध पाजा, जगेल" म्हणाला तर सरळ परत या.

२) आई : पिल्लं आईजवळच बघा. आई खंगलेली किंवा फार बुजरी असेल तर विचार बदला.

३) तब्येत : डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली कोरडं हवं. पोट नगाऱ्यासारखं असेल तर बहुधा जंत. एकाही भावंडाला उलट्या किंवा रक्ताची हगवण असेल तर तिथलं कुठलंच पिल्लू नको. पार्व्हो असू शकतो. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणजे तुमच्या वस्तीवर पुढचं पिल्लूही धोक्यात.

४) लसीचं कार्ड : तारीख, स्टिकर, डॉक्टरांची सही बघा. एका डोसवर भागत नाही. १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढचा डोस लागतो. तोवर गावातल्या कुत्र्यांत सोडू नका.

५) रेबीज : ३ महिन्यांचं झालं की लस द्याच. लहान पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

पिल्लू आणलं की आठवड्याच्या आत पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा.