घराची बाजू वाढवावी कशी?

कुटुंब वाढतें, पण घर वाढत नाहीं. मुलगा लग्नाचा होतो, मुलगी वरच्या वर्गांत जाऊन रात्रीं अभ्यासास बसूं लागते, आजी अंथरुणास खिळते. आणि मग घरांतील मंडळींची दृष्टि आपोआप घराच्या कुशीला असलेल्या मोकळ्या सांदीकडे वळते. ‘एक खोली काढून घेऊं’ असें ठरतें, मिस्त्री येतो आणि थोड्याच दिवसांत भिंती उभ्या राहतात. पुढें पहिला पाऊस आला म्हणजे जुन्या व नव्या छपराच्या सांध्यांतून धार लागते आणि मधल्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. जागा वाढली, पण घर बिघडलें! हें टाळण्यास पैसा फारसा लागत नाहीं. आधीं विचार मात्र लागतो. तो कसा करावा, हें आलापल्लीसारख्या गांवीं शोभेल असें एक उदाहरण घेऊन पाहूं.

आलापल्ली हें गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यांतील सागवनाचें गांव. येथें पाऊस दांडगा व उन्हाळा कडक. त्यामुळें घराला दोन शत्रु सहजच दिसतात : वरून पडणारें पाणी व पश्चिमेकडून येणारें ऊन. तिसरा शत्रु उधई. ती जमिनींतून, न दिसतां येते. या तिघांचा बंदोबस्त आराखड्यांतच झाला पाहिजे.

पहिली गोष्ट छपराची. कौलारू घराच्या चारी बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूस आढ्याचें टोक येतें व भिंत त्रिकोणी होऊन वर जाते, तिकडे घर वाढविणें सोपें. आढें तसेंच पुढें न्यावें व वासे पूर्वीच्याच उतारावर टाकावे म्हणजे झालें. पण ज्या बाजूस पाखें उतरून वळचण येते, तिकडे तेंच पाखें आणखी खालीं ओढावें लागतें, आणि तेथें गणित आडवें येतें. कवेलूंच्या छपरास साधारणपणें २ फुटांस १ फूट उतार द्यावा लागतो. तो कमी केला तर पाणी उलटून कवेलूंखालीं शिरतें.

समजा, एका घराचें तोंड दक्षिणेस रस्त्याकडे आहे. घर २४ फूट लांब व १२ फूट रुंद. त्यांत एकामागें एक अशा ८ फुटांच्या तीन खोल्या, शेवटली स्वयंपाकाची. आढें दक्षिणोत्तर आहे. पूर्वेस शेजाऱ्याची भिंत लागून आहे व पश्चिमेस १० फूट मोकळी जागा आहे. पश्चिमेची भिंत ९ फूट उंच आहे. घरधन्यास तिकडे ८ फूट रुंदीची निजण्याची खोली पाहिजे. आतां हिशेब करा. ८ फुटांस उतार ४ फूट. म्हणजे खोलीच्या बाहेरच्या कडेस उंची राहिली ५ फूट. तेथें मोठें माणूस ताठ उभें राहूं शकणार नाहीं. शिवाय ८ फूट खोली, १ फूट भिंत आणि दीड फूट वळचण मिळून साडेदहा फूट झाले. म्हणजे पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणांत पडणार व पहिल्याच पावसांत तंटा उभा राहणार. पत्रे घातले तर उतार ५ फुटांस १ फूट पुरतो व उंची सुमारें साडेसात फूट मिळते. पण जागेची अडचण तशीच राहते, आणि वैशाखांत पत्र्याखालीं निजणें म्हणजे भट्टीशेजारीं निजणें होय.

उलट नवी जागा आंतून ५ फूटच ठेविली, तर उतार अडीच फूट होऊन कडेस साडेसहा फूट उंची मिळते. भिंत १ फूट, वळचण दीड फूट, आणि उरलेले अडीच फूट नालीस व भिंतीच्या डागडुजीस. दहांचे दहा फूट नीट मांडले गेले.

‘पण ५ फुटांत निजावें कसें?’ असा प्रश्न येईल. या सर्व विषयाचें मर्म त्याच प्रश्नांत आहे. ज्याची गैरसोय होते त्याला नव्या जागेंत घालावें, असा नियम नाहीं. जें काम अरुंद जागेंत भागतें तें तिकडे न्यावें आणि जुनी रुंद खोली माणसांस मोकळी करावी. धान्याच्या कणग्या, सरपण, अवजारें व न्हाणी यांना ५ फूट पुष्कळ झाले. तीं मधल्या खोलींतून व स्वयंपाकघरांतून निघालीं, कीं आजीची खाट व मुलीचें अभ्यासाचें मेज यांस जागा आपोआप होते.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या उदाहरणांत पूर्वेची बाजू बंद आहे. म्हणून मधल्या खोलीस उजेड मिळतो तो पश्चिमेच्या खिडकींतूनच. २४ फुटांची सलग पडवी बांधली, कीं ती खोली तळघर झाली. तेव्हां पुढचे ८ फूट कोठीस व मागचे ८ फूट न्हाणीस देऊन मधले ८ फूट उघडेच ठेवावे. राष्ट्रीय इमारत संहितेंत खिडक्यांचें क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवामानांत जमिनीच्या एक-दशांश व दमट उष्ण हवामानांत एक-षष्ठांश असावें, असें सांगितलें आहे. आपली मधली खोली ९६ चौरस फुटांची; तिला सुमारें १० ते १६ चौरस फूट खिडकी लागते. ४ फूट रुंद व ३ फूट उंच खिडकी त्या दोहोंच्या मध्यें बसते. उन्हाळ्यांत मावळता सूर्य पश्चिमेच्या किंचित् उत्तरेस असतो, म्हणून न्हाणीच्या भिंतीची थोडी सांवली तिजवर पडते. उरलेल्या उन्हास बांबूचा तट्टा पुरे. कोठी व न्हाणी हीं मात्र दुपारचें ऊन स्वतःच्या अंगावर घेऊन आंतील भिंती थंड ठेवतात.

तिसरी गोष्ट जमिनीची. न्हाणीची फरशी आंतल्या खोलीहून ३-४ इंच खालीं असावी, पण कोठीचें जोतें खालीं नसावें, नाहीं तर ओल धान्यास लागेल. नवा पाया कांहीं काळ दबतो, जुना दबून बसलेला असतो. म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत चिणूं नयेत, मध्यें सांधा सोडावा. गडचिरोली जिल्ह्यास हिंवतापाचा उपद्रव मोठा आहे. यास्तव पागोळ्यांचें पाणी डबकें न होतां नालीनें वाहून गेलें पाहिजे. न्हाणीची मोरी विहिरीकडे कदापि काढूं नये. लाकडी खांब मातींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभे करावे. सागाचा गाभा उधईस दाद देत नाहीं. पण त्याभोंवतालचें पांढरें लाकूड ती फस्त करते, म्हणून तें तासून टाकावें.

लाकूड व परवानगी यांविषयीं दोन शब्द. आलापल्लीजवळील ‘वनवैभव’ हा जुन्या सागांचा राखलेला भाग २०१४ सालीं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. जंगल दाराशीं आहे म्हणून साग आपलाच, असें मात्र नव्हे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें स्वतःच्या शेतांतील सागही परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. विकत घेतलेल्या लाकडाची पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा. ग्रामपंचायतीची बांधकाम-परवानगी पाया खणण्यापूर्वीं घ्यावी, मागाहून नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, हा आराखडा काढण्यास इंजिनिअर होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. चौकटींचा कागद घ्या, एका चौकटीस १ फूट धरा, टेप लावून घर मोजा व उतरवा. खाट, चूल, कणगी यांचे त्याच मापाचे कागदी तुकडे कापून नकाशावर सरकवून पाहा. दारें कोणीकडे उघडतात तेंही दाखवा. मग अंगणांत खुंट्या ठोकून सुतळी ताणा, चुन्याची रेघ मारा आणि आईला त्या रेघांमधून घागर घेऊन चालावयास सांगा. जेथें ती अडखळेल तेथें आराखडा चुकला. कागदावरची रेघ खोडण्यास रबर पुरतें. भिंत पाडण्यास मजूर लागतात. सुटींत एवढें काम कराल, तर घरांत कोणाला तरी उजेडांत बसून वाचतां येईल.