घड्याळाला गोधडी

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय, वाचा बरं. बहुतेक ‘क्वार्ट्झ’ असेल. म्हणजे आपली गारगोटीच की! अंधारात दोन गारगोट्या आपटून ठिणगी पाडता ना, त्याच जातीचा, पण कारखान्यात वाढवलेला स्वच्छ स्फटिक. चिमट्याच्या आकाराचा हा तुकडा तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या डबीत बसतो आणि वीज मिळाली की थरथरतो. सेकंदाला ३२,७६८ वेळा! (या आकड्याला पंधरा वेळा दोनाने भागा, काय उरतं ते बघा.)

पण गडी भारी लाडावलेला. त्याला २५ अंश सेल्सिअस मानवतं. खोली ३५ वर गेली की दिवसाला पाव सेकंदाहून थोडा जास्त मागे पडतो, ४५ वर गेली की सव्वा सेकंदाच्या आसपास. थंडीत मग पुढे पळेल, असं वाटलं ना? छे! थंडीतही मागेच.

लंबकाच्या घड्याळाचं रडगाणं आणखी मोठं. पोलादी दांडी उन्हाळ्यात लांबते आणि एका अंशामागे दिवसाला सुमारे अर्धा सेकंद जातो. म्हणून पॅरिसच्या वेधशाळेने आपली नामी घड्याळं जमिनीखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरात नेऊन ठेवली होती. तिथे ना उन्हाळा ना हिवाळा.

आपल्याकडे कुठलं तळघर? म्हणून अचूक घड्याळं घरी बनवणारे हौशी लोक पेटी करतात. थर्मोकोलची पेटी, आत ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याला चिकटून स्फटिक. पण थर्मोकोल म्हणजे नुसती गोधडी. बाहेरची गरमी ती थोपवत नाही, उशिरा आत सोडते एवढंच. म्हणून आत एक चिमुकला हीटर आणि तापमान ओळखणारा थर्मिस्टर हवा.

आता सांगा, पेटी किती अंशांवर ठेवायची? २५? मग मे महिन्यात नागपुरात काय कराल? पेटी गार करावी लागेल आणि गार करणं हे महाकटकटीचं काम. त्यापेक्षा पेटी खोलीच्या कडक उन्हाळ्याहूनही गरम ठेवायची, समजा ५० अंशांवर. मग फक्त तापवायचं, गार ती आपोआप होते. पण ५० अंशांवर स्फटिक मागे पडेल ना? पडू दे! रोज नेमका तेवढाच मागे पडला तर हिशेब करून दुरुस्त करता येतो. कारखान्यात तर ७०-८० अंशांवरच खूश राहतील असे स्फटिक कापतात आणि ते बसवलेल्या तापत्या डबीला चक्क ‘ओव्हन’ म्हणतात.

खरं कसब हीटर सांभाळण्यात आहे. इस्त्री बघा. तापली की टक्, बंद. निवली की टक्, चालू. तापमान सारखं वर-खाली. कपड्यांना चालतं, स्फटिकाला नाही. त्याला आजीची पद्धत हवी. आंघोळीच्या कढत पाण्यात आजी विसण कसं घालते? आधी तांब्याभर, मग अर्धा, शेवटी ओंजळभर, मधूनमधून बोट बुडवून बघत. पेटीतला हीटरही तसाच चालवतात. तापमान खूप कमी असेल तर जोरात, जवळ आलं की मंद, आणि पोहोचलं की पेटीतून जेवढी उष्णता निसटते तेवढीच द्यायची.

हीटरचं काम मोठ्यांवर सोपवा. तुम्ही एवढं करा: नवा सेल घातलेलं, सेकंदकाटा असलेलं जुनं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवा. आठवडाभर खोलीत ठेवून किती चुकतं ते लिहा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ते सात-आठ सेकंद जास्त मागे पडायला हवं. आईला आधी विचारा मात्र, नाहीतर भाजीच्या कप्प्यातून टिकटिक ऐकून ती दचकेल!