डोळ्यांच्या दवाखान्यातून ईसीजीची चिठ्ठी

मंचरच्या एका वाचकांनी विचारलंय: "चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर थेंब घालून तपासलं आणि म्हणाले, पडद्यावर शुगरचे ठिपके आहेत, ईसीजी काढून फिजिशियनला दाखवा. मला तर स्वच्छ दिसतंय. डोळ्याचा आणि हृदयाचा काय संबंध?"

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं आधी कौतुक. संबंध आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या बागायतदाराला तो समजायला वेळ लागू नये. द्राक्षबागेत ड्रिपर चोंदू लागले की जाणता माणूस सुई घेऊन एकेक ड्रिपर टोकरत बसत नाही. तो फिल्टर उघडतो, पाण्यातले क्षार बघतो. जे पाणी ड्रिपरमध्ये तेच मेन लाइनमध्ये. भोक बारीक म्हणून तिथं आधी कळलं, इतकंच. फक्त नळी निर्जीव असते आणि रक्तवाहिनीची भिंत जिवंत, तेव्हा ही उपमा इथंच सोडू.

ती जिवंत भिंत कशी खचते हे दाखवणारे तोइचिरो कुवाबारा मधुमेहावरच्या लेखांत क्वचितच भेटतात. 1960 च्या सुमारास बोस्टनमध्ये डेव्हिड कोगन यांच्याबरोबर काम करताना त्यांनी मृत्यूनंतर काढलेला डोळ्याचा पडदा ट्रिप्सिनमध्ये ठेवला. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवतं तेच हे ट्रिप्सिन. त्यानं चेतापेशी पचवून टाकल्या आणि मागे उरली रक्तवाहिन्यांची अख्खी जाळी, काचपट्टीवर पसरता येईल अशी. (पाचकरसाकडून इतकं नाजूक काम करून घ्यायची कल्पना ज्याला सुचली, त्याला दाद द्यावी तेवढी थोडी!) निरोगी जाळीत केशवाहिन्यांना बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट पेशी दिसतात. मधुमेहींच्या जाळीत त्यांच्या जागी रिकाम्या खोबणी होत्या. आधार गेलेल्या भिंतीला फुगवटे येतात. तुमच्या डॉक्टरांना दिसलेले लाल ठिपके बहुधा हेच. त्यातून पाझरलेल्या चरबीचे डाग पिवळट दिसतात. यातलं काहीही दुखत नाही. डाग पडद्याच्या मध्यापासून दूर असले तर तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते.

आता हृदय. अमेरिकेतल्या 'एरिक' या दीर्घ पाहणीत हृदयविकार नसलेल्या सुमारे दीड हजार मधुमेहींवर जवळपास आठ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्या पडद्यावर दोष होता, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका दुप्पट भरला. तोही साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा वाटा हिशेबातून वजा केल्यावर.

म्हणजे ठिपक्यांमुळे हार्ट ॲटॅक येतो असं नाही. दोन्हीकडचं नुकसान बरंचसं एकाच मुळातून येतं, पण पुढे वाटा फुटतात. फेनोफायब्रेट हे रक्तातल्या चरबीवरचं औषध हृदयासाठी तपासलं, तर 2005 मध्ये मुख्य कसोटीवर ते नापास झालं. त्याच चाचणीत पडद्यावर लेसर करण्याची गरज मात्र जवळपास 30 टक्क्यांनी घटली. उलट, सध्या गाजणाऱ्या सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधानं 2016 च्या चाचणीत हृदय सांभाळलं, पण पडद्याच्या तक्रारी वाढल्या. साखर झपाट्यानं उतरल्याचा तो परिणाम असावा, असं मानलं जातं.

म्हणून मथळ्यांपासून जपून. 2018 मध्ये गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या फोटोवरून हृदयविकाराचं भाकीत करणारी प्रणाली मांडली, आणि डोळ्यात बघून भविष्य सांगणारं यंत्र आल्यासारखा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तिचा अंदाज वय, रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल विचारणाऱ्या जुन्या तक्त्याइतपतच होता. फोटोवरून ती माणसाचं वयही ओळखते. ते आधार कार्डावर असतंच की!

आपल्याकडे यंत्रापेक्षा अडतं ते कागदाचं. या भागात डोळ्यांची सेवा नवी नाही. नारायणगावात मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभं करणारे डॉ. मनोहर डोळे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. पण डोळ्यांचं शिबिर म्हणजे मोतीबिंदू, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पडद्याचा रिपोर्ट चष्म्याच्या घरात घडी होऊन पडतो आणि शुगरच्या डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

तेव्हा वाचकहो, टाइप टू मधुमेह कळला की लगेच आणि पुढे दरवर्षी थेंब घालून पडदा तपासून घ्या. दोष निघाला तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा; रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रथिन यांचीही तपासणी होऊ द्या. पडदा स्वच्छ निघाला म्हणून हृदयाला प्रमाणपत्र मिळालं असं समजू नका, आणि छातीत दुखलं तर डोळ्यांच्या रिपोर्टकडे बघत बसू नका. आणखी एक: थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून मोटारसायकल घरीच ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या.