जुनी बाईक: आधी स्वतःची सांभाळा, मग गिऱ्हाइकाची हातात घ्या

जुन्या बुलेट-येझदीची आवड आपल्या वऱ्हाडातही कमी नाही. त्या दुरुस्त करायचा धंदा टाकावा, असं तुमच्याही मनात असेल. पण एक लक्षात घ्या, गिऱ्हाईक नुसत्या पार्टचे पैसे देत नाही, भरवशाचे देतं. हिवरखेडहून अकोट, अंजनगाव, परतवाडा करत चिखलदऱ्याचा घाट चढून गाडी घरी परत येईल, हा भरवसा. गाव लहान असतं. घाटात एक गाडी बंद पडली, की नाव सगळीकडे होतं. म्हणून आधी स्वतःच्या गाडीवर शिका.

१. गाडी निवडताना पार्ट पाहा
येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तिचे पार्ट शोधत फिरावं लागतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे त्यामानाने सहज मिळतात. शिकायला बुलेट बरी.

२. आधी कागद, मग पाना
खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण, शिवाय ग्रीन टॅक्स. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

३. बुलेटची ही चार कामं स्वतः करा
- पॉइंट: गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. अंदाजानं नाही, फिलर गेजनं.
- टॅपेट: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.
- ऑइल: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिन्हींचं वेगळं. एक पाहून भागत नाही.
- चेन: पावसाळ्यात काळी माती चिकटते. साफ करा, ऑइल द्या, ताण तपासा.

४. वही ठेवा
तारीख, किलोमीटर, पार्ट, किंमत आणि लागलेला वेळ लिहा. समजा पार्ट १५० रुपयांचा, काम २ तासांचं. बिल १५०चंच केलं, तर २ तास तुम्ही फुकट राबलात! सहा महिन्यांनी हीच वही तुमचं रेट कार्ड होते.

आजचं काम: वहीचं पहिलं पान आजच भरा. स्वतःची गाडी चिखलदऱ्याला जाऊन विनातक्रार परत आली, की मगच पहिलं गिऱ्हाईक घ्या. तेव्हा "गाडी नीट चालेल ना?" या प्रश्नाला तुमच्याकडे खरं उत्तर असेल.